गिलाव्यावरच्या काचा

तारघरातली काच पुन्हा फुटली, तेव्हा बाईंनी ठरवूनच टाकलं की हे काम गोडबोल्याचंच.

गोडबोल्या म्हणजे पालिकेचा इंजिनिअर. नाव बाईंनीच ठेवलेलं. माणूस बोलायला मऊ, वागायला अदबशीर, दार उघडलं की आधी दुसऱ्याला आत सोडणारा, आणि बाईंना नेमकं तेच खटकायचं. पालिकेतला माणूस, तोही धोकादायक इमारती रिकाम्या करायच्या खात्यातला, आणि इतका गोड? कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्या पहिल्याच भेटीनंतर ताईला म्हणाल्या होत्या. ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. ती म्हणाली, अगं, असतात काही माणसं तशी. बाई म्हणाल्या, असतात, पण त्या खात्यात नसतात.

बाई महाविद्यालयात वास्तुकलेचा इतिहास शिकवायच्या. शिकवण्यात एक नंबर, संशयातही एक नंबर. कुणी जुना नकाशा आणून दाखवला की त्या आधी कागद उजेडाकडे धरून बघायच्या आणि मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे. यात चूक काही नाही म्हणा. त्यांच्या धंद्यात भोळ्या माणसाचं काम नसतं. कुठल्याही पडक्या घराचा मालक ते घर राजाच्या वेळचं म्हणून सांगतो, आणि तेच घर पाडायचं असलं की कालपरवाचं म्हणून सांगतो. तेव्हा माणसाचं ऐकायचं नाही, भिंतीचं ऐकायचं, हा बाईंचा खाक्या. विद्यार्थ्यांनाही त्या हेच शिकवायच्या.

तर हे तारघर. तारा बंद होऊन जमाना लोटला होता. आता खालच्या मजल्यावर एक बाइंडर पुस्तकं बांधायचा आणि वर ताईचा शिवणवर्ग चालायचा. मधे दगडी जिना. या जिन्याला खालून आधार नव्हता. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत रोवलेलं आणि दुसरं उघड्यावर. नवखा माणूस भिंतीला चिकटून उतरायचा. बाई मात्र मुद्दाम मोकळ्या बाजूनं खटाखट उतरायच्या आणि मागून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हसायच्या.

याच जिन्याच्या भिंतीवर त्यांचं नाव झालं होतं. तरुणपणी त्यांनी इथं वीतभर जागा धरून धारदार पात्यानं रंगाचा एकेक थर खरवडला होता. वर ऑइलपेंट, त्याखाली पिस्ता रंग, मग गेरू, मग पिवळी माती, आणि पार तळाशी चुन्यात कालवलेली नीळ. त्या निळ्यावरून त्यांनी सिद्ध केलं की लोक समजतात त्यापेक्षा ही इमारत एका पिढीनं जुनी आहे, या रस्त्यावरची सगळ्यांत जुनी. त्यावर पीएचडी झाली, पुस्तक निघालं, आणि तारघर वारसा यादीत जाऊन बसलं. रस्ता रुंद करायला टपलेली मंडळी हात चोळत राहिली. जगात असा निळा थर दुसरीकडे कुठे उरलेला नव्हता, असं बाई म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांचा आवाज लेकराबद्दल बोलावं तसा व्हायचा.

आता त्याच भिंतीवर तडा दिसला होता. वरपासून खालपर्यंत, केसासारखा बारीक.

तड्यांचे दोन प्रकार. एक मेलेला, म्हणजे कधीकाळी भिंत हलली आणि मग गप्प बसली. दुसरा चालता, म्हणजे भिंत अजून सरकतेच आहे. मेलेला असेल तर तारघर राहणार, ताईचा वर्गही राहणार. चालता असेल तर इमारत रिकामी करायची, आणि एकदा रिकामी झालेली इमारत पुन्हा भरलेली कुणी पाहिली आहे? भाऊजी गेल्यावर ताईनं या वर्गावरच घर उभं केलं होतं. दुसरीकडे एवढी ऐसपैस, उजेडाची जागा तिला मिळणं शक्य नव्हतं. बाईंना झोप लागेनाशी झाली ती या दोन्ही गोष्टींमुळे. आधी कुठली आणि मग कुठली, ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही.

तडा चालता की मेलेला हे ओळखायची रीत जुनी आणि सोपी आहे. तड्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी चिकटवायची. भिंत हलली की काच तडकते. वारसा समितीनं सांगितलं, बाईंनी आपल्या काचा लावाव्यात, पालिकेनं आपल्या, आणि पावसाळ्यानंतर दोघांनी सांगावं काय ते.

पहिल्याच दिवशी वाजलं. काच दगडावर बसवायची तर मधला गिलावा काढायला हवा, असं गोडबोल्याचं म्हणणं. हातभर जागा खरवडतो म्हणाला. बाई कडाडल्याच. या गिलाव्याला हात लावायचा असेल तर आधी मला पाडा म्हणाल्या. बाइंडर कात्री हातात धरून बघत उभा राहिला. गोडबोल्या नेहमीसारखा मऊ आवाजात "बरं, जशी तुमची इच्छा" म्हणाला आणि जिन्याखालच्या बॅटरीच्या खोलीत गेला. तारयंत्राच्या बॅटऱ्या ठेवायची ती अंधारी कोठडी. तिथं भिंतीला गिलावा कधी झालाच नव्हता, नुसता दगड. तोच तडा खाली तिथपर्यंत उतरला होता. गोडबोल्यानं आपली काच तिथं दगडावर लावली. बाईंनी आपल्या काचा वर जिन्यात लावल्या, गिलाव्यावर, रंगाला ओरखडाही न पाडता.

आणि मग खेळ सुरू झाला. खालची काच फुटायची, वरच्या शाबूत. गोडबोल्या नवी लावायचा, ती पुन्हा फुटायची. वरच्या आपल्या जशाच्या तशा, चकचकीत. तडा एकच, भिंत एकच, मग एक काच फुटते आणि बाकीच्या हसत बसतात, हे कसं? शेंबड्या पोराला कळेल की कुणीतरी खालची काच हातानं फोडतंय. बाईंना तर ते कळलंच कळलं. इमारत धोकादायक ठरली की कुणाचं फावणार? रस्तावाल्यांचं. रस्तावाले कुणाचे? पालिकेचे. आणि कोठडीत एकटा जाऊन काच बघणारा कोण?

बाईंनी समितीला कळवलं. नुसतं कळवलं नाही, पालिकेच्या वरच्या साहेबांना जाऊन भेटल्या आणि सांगितलं, तुमचा माणूस पुरावा बनवतोय. त्यांच्या शब्दाला वजन होतं. गोडबोल्याची चौकशी लागली आणि चौकशी संपेपर्यंत त्याला गटारांच्या खात्यात टेबलावर बसवलं. जाताना तो बाईंना जिन्यात भेटला. रागावला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला की, बाई, वर मुली असतात, तेवढं लक्षात असू द्या. बाईंना वाटलं, बघा, जाता जाता धमकी देतोय.

ताईच्या वर्गात त्या दिवशी हसणंखिदळणं झालं. बाईंनी सगळ्या मुलींना बजावून सांगितलं की कुणी कितीही गोड बोललं तरी विश्वास ठेवायचा नाही, कुणी आलं आणि इमारत सोडा म्हणालं तर समजायचं की याला कुणीतरी फूस लावलीय. ताईनं तर मान डोलवत मुलींकडून तसं वदवूनही घेतलं. लहानपणापासून चिमी, म्हणजे बाई, सांगेल ते ताईला पटायचं. घरातली शिकलेली तीच ना.

गोडबोल्याच्या जागी बाईंनी स्वतःच्या हातानं कोठडीत नवी काच लावली, दगडावर. म्हणजे आता वाद नको. पंधरवड्यात तीही फुटली.

आता आली का पंचाईत? गोडबोल्या तर गटारांत. पण संशय एकदा मानगुटीवर बसला की तो माणूस बदलतो, जागा सोडत नाही. कोठडीची किल्ली कुणाकडे? बाइंडरकडे. बाईंनी त्याला आडून आडून विचारायला सुरुवात केली. रस्तावाल्यांनी दुसरीकडे दुकान देऊ केलंय का हो? मागे कोण आलं होतं गाडीतून? बाइंडर साधा माणूस, पण मूर्ख नव्हता. त्यानं किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. बाईंच्या पुस्तकाची बांधणी त्यानंच केली होती, आणि तीही हौसेनं.

घरी नवरा म्हणाला, आता माझ्यावर कधी येतेस? बाईंना हसू आलं नाही. त्या विचार करत होत्या की खरंच, याला काय माहीत होतं आणि यानं कुणाला काय सांगितलं.

मग त्यांनी सापळा लावला. कोठडीला नवं कुलूप, किल्ली पर्समधे. आत दगडावर नवी काच. आणि ताईच्या वर्गातल्या शिंप्याच्या खडूची भुकटी करून ती चाळणीनं अख्ख्या फरशीवर पेरली, मागे मागे सरकत दारापर्यंत. पाऊल पडलं की उमटणार. मांजर गेलं तरी उमटणार. मग पंधरा दिवस कोठडी बंद ठेवायची आणि समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी कुलूप उघडायचं, असा बेत. बैठकीत फोडणाऱ्याचं पाऊलच टेबलावर ठेवणार होत्या त्या.

त्या दुपारी त्यांनी कुलूप उघडलं. विजेरीचा झोत पाडला. भुकटी जशी पेरली तशी, स्वच्छ, एक ठसा नाही.

काच फुटलेली होती. नुसती तडकली नव्हती, दोन तुकड्यांमधे नख जाईल एवढी फट पडली होती.

बाईंनी आधी कुलूप बघितलं. मग बिजागऱ्या बघितल्या, स्क्रू नवे तर नाहीत ना. मग छत बघितलं. मग, सांगायला लाज वाटते पण खरं आहे ते, त्या वाकून उंदराच्या लेंड्या शोधायला लागल्या. काही नाही. खिडकी तर त्या कोठडीला नव्हतीच. तरीसुद्धा त्यांच्या मनात आलं की किल्ली परवा ताईकडे पर्स ठेवली तेव्हा... आणि तिथं त्यांना स्वतःचाच राग आला. ताईवर? आता ताईवर?

तणतणत त्या वर जिन्यात आल्या. तिथं त्यांच्या काचा एका ओळीत, धुतल्यासारख्या, शाबूत. कुणावर चिडावं ते कळेना, म्हणून त्यांनी हात उगारला आणि भिंतीला एक चापट ठेवून दिली.

भिंत डब्यासारखी वाजली.

बाईंचा हात तिथंच राहिला. मग त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं. डब डब. हातभर वर, डब. खाली, डब. कान लावून त्या पायरी पायरीनं वर चढत गेल्या आणि ठोकत गेल्या. भरीव भिंतीचा आवाज बोटांना कसा कळतो, ते त्या दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवायच्या. भिंत पाहिली की आधी ठोका, मग बोला. ही भिंत त्यांनी शेवटची कधी ठोकली होती? तरुणपणी. नंतर या भिंतीला ठोकायचं त्यांना सुचलंच नाही, कारण रंगाचा टवका उडाला असता.

गिलावा भिंतीला धरूनच नव्हता. जुन्या कामात चुन्यात तागाचे धागे मिसळायचे, त्यानं गिलावा चिवट व्हायचा. आणि तोच आता पडद्यासारखा वरून लोंबत होता, मागची भिंत सोडून. बाईंच्या काचा त्या पडद्यावर होत्या. मागे भिंत दुभंगली असती तरी त्या फुटल्या नसत्या. खालची, दगडावरची काच तेवढी खरं सांगत होती, आणि दर वेळी बाईंनी खोटं धरलं होतं ते तिलाच.

वर शिवणयंत्रं चालली होती. खालून ऐकू यायची, एकदम सगळी. ज्या पायरीवर त्या उभ्या होत्या तिचं दुसरं टोक कशात आहे ते त्यांना दिसत नव्हतं. इतकी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती स्वतःसाठी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्या भिंतीला चिकटून चढल्या.

वर्गात त्यांनी सांगितलं की सगळ्यांनी उठा, मागच्या लोखंडी जिन्यानं खाली जा, आत्ताच्या आत्ता. मुली ताईकडे बघायला लागल्या. ताईनं यंत्रावरून हात काढला नाही.

"कुणी सांगितलं?" ताईनं विचारलं.

"कुणी नाही. मीच सांगतेय. भिंत सरकतेय, ताई. माझं चुकलं."

"काल तर म्हणालीस, बैठकीत जिंकणार."

"काल मला माहीत नव्हतं."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. बहिणीकडे बघतात तसं नाही. दुकानात नोट उलटसुलट करून बघतात तसं. मुलींमधली एक दुसरीच्या कानाशी काहीतरी बोलली.

"त्या गोडबोल्यानं गाठलं ना तुला?" ताई म्हणाली. "काय देऊ केलं? समितीचं अध्यक्षपद?"

बाईंना रडूच फुटायचं बाकी होतं. त्यांनी परत परत सांगून पाहिलं, काच, कोठडी, खडूची भुकटी, डब डब आवाज. पण जितकं जास्त सांगावं तितकी ताईची मान ताठ होत गेली. कोणी आलं आणि सोडा म्हणालं तर समजायचं फूस लावलीय, हे या खोलीत बाईंनीच तर घोटून घेतलं होतं. "तूच म्हणालीस, चिमे," ताई म्हणाली, "कुणाचंच ऐकायचं नाही," आणि पुन्हा पायडल मारायला लागली.

बाई आल्या वाटेनं खाली गेल्या. बाइंडरच्या टेबलावर पुस्तकाची पाठ ठोकायची हातोडी होती. त्यांनी ती न विचारता उचलली. तो अबोला विसरून अहो, अहो करत मागे धावला. जिन्याच्या तळाशी उभं राहून बाईंनी भिंतीवर पहिला घाव घातला.

हात धजत नव्हता, हे खरं. पहिला घाव नुसता लागला. दुसऱ्याला टवका उडाला. तिसरा त्यांनी डोळे मिटून घातला, आणि मग वरून काहीतरी सुटल्याचा आवाज झाला, आणि बाइंडरनं त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. अख्खा पडदा खाली आला. ऑइलपेंट, पिस्ता, गेरू, पिवळा, सगळं एकमेकांत. धुरळा बसायला वेळ लागला. निळ्याचे तुकडे फरशीवर पसरले होते, आणि बाईंनी पायाखाली आलेल्या तुकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

भिंतीत हात जाईल एवढी भेग होती. बाइंडरनं खरोखरच हात घालून बघितला, कोपरापर्यंत गेला. पण ते सोडा. पायऱ्यांची टोकं आता उघडी दिसत होती, आणि मधल्या काही पायऱ्या भिंतीत जेमतेम बोटभर टेकल्या होत्या. बाई याच पायऱ्यांवरून मोकळ्या बाजूनं खटाखट उतरत असत.

आवाजानं ताई वर जिन्याच्या तोंडाशी आली होती. तिनं वरून बघितलं. एक पाऊल पुढे टाकायला गेली आणि तिनं ते मागे घेतलं. मग ती वळली आणि मुलींना एकेक करून मागच्या जिन्यानं उतरवायला लागली. यंत्रं राहू द्या, पिशव्या राहू द्या, चला. आवाज चढला नाही तिचा. सगळ्यांत शेवटी ती स्वतः उतरली.

बाहेर रस्त्यापलीकडे सगळे उभे राहिले. बाईंनी गोडबोल्याला फोन केला. तो गटारांत असला तरी इमारत बंद करायचा हुकूम त्याच्या मूळ खात्याचा, आणि या इमारतीची इत्थंभूत माहिती असलेला दुसरा कुणी खात्यात नव्हता. त्यानं साहेबांची परवानगी काढली आणि परत फोन केला. म्हणाला, येतो, पण एकटा येणार नाही, साक्षीदार घेऊन येईन. बाई म्हणाल्या, आणा.

ताई बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोघींच्या केसांवर चुना पडला होता.

"तो निळा?" ताईनं विचारलं.

"गेला."

"पुस्तकात आहे ना?"

"पुस्तकात फोटो आहे नुसता," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं. ताईनं त्यांचा हात धरला नाही, पण बाजूलाही सरकली नाही. आता मुलींना कुठे बसवायचं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

गोडबोल्या साक्षीदाराला घेऊन आला, आत जाऊन आला, आणि दाराला पट्टी लावली. मग पंचनाम्याचा कागद काढून त्यानं नियमाप्रमाणे विचारलं, संरक्षित इमारतीतला गिलावा कुणी पाडला? हा गुन्हा होता. तो नियमही बाईंनीच समितीत मंजूर करून घेतलेला.

"आपोआप पडला," बाइंडर म्हणाला.

"आपोआपच," ताई म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी बघितलं."

गोडबोल्यानं एकेकाकडे पाहिलं. मुलीही माना डोलवायला लागल्या.

"खोटं आहे," बाई म्हणाल्या. "मी हातोडीनं पाडला. आणि तुमच्या काचा कुणीही फोडल्या नव्हत्या, भिंतीनंच फोडल्या. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. हे सगळं लिहा, मी सही करते."

गोडबोल्यानं पेनाचं टोपण काढलं. साक्षीदाराला जवळ बोलावून घेतलं. पण लिहायला त्याचा हात होईना. यात बाईंचा आता नवीन काय डाव असेल, ते ताडत तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.